फक्त पाहिलेलं लिहा

लोस्टॉफ्टच्या शाळेत मी एकोणीस वर्षं जेवण वाढते.
माझ्या खिडकीतून मुलं कंबरेपासून वर दिसतात,
लहान वर्गातली तर नुसते केस आणि ट्रे.
हात मात्र सगळ्यांचे दिसतात.

एलिसचे हात शुक्रवारी वेगळे असतात.
एरवी तो नाक मुरडतो, वाटाणे नकोत, गाजर नको,
रस्सा बटाट्याला लागू देऊ नका.
शुक्रवारी काहीच नको म्हणत नाही.
दोन पाव बाहीत जातात,
एक मोज्यात.

ऑफिसात केटलीच्या वर तक्ता लावलाय:
खोदून विचारू नका. वचन देऊ नका.
मुलाचेच शब्द लिहा, तुमचे नाहीत.
तारीख, वेळ, जागा. काळी शाई.
दर सप्टेंबरला आम्ही सगळे, झाडलोट करणाऱ्या रॉयसकट,
छोट्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसतो
आणि पार्जेटरबाई तेच सांगतात:
तुमच्याकडे तुकडा असेल, चित्र जुळवणं माझं काम.
पण तुकडा खिशात ठेवू नका.

मी ठेवला. तीन शुक्रवार.
त्याच्या आईलाही याच खिडकीतून वाढलंय मी,
पहिल्या वर्षी. पुढच्या दोन दातांच्या जागी फट होती.
बाजारात दिसली की हात करते.
गाव लहान, गोदीवर काम नाही,
आणि पाव म्हणजे पाव, चोरी थोडीच,
असं माझ्या मनाला मी वाढत राहिले
पळीपळीने.

चौथ्या शुक्रवारी सगळे मैदानावर गेल्यावर तो परत आला.
मी टेबलं पुसत होते. त्याने एक फडकं उचललं
आणि पुसत राहिला, एकच जागा.
"मिस, तुम्हाला गुपित ठेवता येतं?"

येतं की. आमच्या घरातलं एक
बावन्न वर्षं ठेवलंय, पट्ट्याच्या बकलाएवढं,
अजून त्याची धार गेलेली नाही.
हो म्हटलं असतं तर तो हसला असता.

म्हणाले, "नाही रे. असलं नाही ठेवता येणार.
ज्यांना मदत करता येते, त्यांना सांगावं लागेल."

दार लागावं तसा त्याचा चेहरा लागला.
छपरावर सीगल चालत होते, पत्र्यावर नखं वाजत होती.
मी जीभ दाताखाली धरली.
न विचारण्याचा केवढा आवाज होतो,
हे तक्त्यावर लिहिलेलं नाही.

मग तो फडक्याला म्हणाला,
"शनिवारी-रविवारी दाराला बाहेरून कडी असते.
टिल्डा पाव पाण्यात बुडवून खाते. तिला दात नाहीत."

"सांगितलंस, बरं केलंस," एवढंच म्हणाले.
आणि, "आजचे पाव राहू देत."

एक वाजून बारा मिनिटं. जेवणघर, खिडकीकडचं टेबल.
दात नाहीत, असं लिहिलं.
पुढे 'बिचारी' लिहिलं आणि खोडलं.
खोडलेलं दिसू द्या, पार्जेटरबाई म्हणाल्या, बाजूला सही करा.
म्हणून 'बिचारी'शेजारी माझं नाव आहे: डोरीन थर्केटल.
आता आधीचे तीन शुक्रवार, त्या म्हणाल्या,
आवाज न चढवता.
त्याला जास्त वेळ लागला.

दोनच्या सुमारास एक करडी गाडी आली.
पुढचं मला कुणी सांगितलं नाही, सांगायचं नसतं.
तुकडा देणाऱ्याला चित्र दाखवत नाहीत.

बाजारात त्याच्या आईने हात केला नाही.
कोबी हातात धरून थांबली, मग दुसऱ्या रांगेत गेली.
मला ती फट आठवली.
तेव्हा तिचे हात पाहिले होते का मी?
पहिलं वर्ष होतं. मी ट्रे मोजत होते.

अकरा दिवसांनी एलिस आला. बूट नवे,
कुठल्या घरून आला ते ठाऊक नाही.
शुक्रवार होता.
माझ्याकडे न पाहता त्याने ट्रे पुढे केला.
"वाटाणे नकोत," म्हणाला.